काळी चार दाखवणारा कीबोर्ड

पट्ट्या एकसष्टऐवजी शहात्तर द्या, पण वजन वाढवू नका. अडॅप्टरची पिन कुणाचा पाय लागला की निघते, ती खटकन अडकणारी करा. भर दुपारच्या हळदीत स्क्रीनवरचं काही दिसत नाही, त्याचं बघा. टोन बदलला की आधीचा सूर मध्येच तुटतो, तो विरत जाऊ द्या. बासरीला मींड द्या. ढोलकी पत्र्यासारखी वाजते, ती चामड्यासारखी वाजू दे. आणि हो, किंमत तेवढीच ठेवा.

कोणतेही दोन कीबोर्डवाले टपरीवर चहा प्यायला थांबले की पाच मिनिटांत अशी यादी तयार होते. क्रिकेटवाल्यांना जशी संघनिवड, तसं आम्हाला 'पुढच्या मॉडेलमध्ये काय हवं'. कंपनी आपलं ऐकत नाहीये हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी चर्चा अशी रंगते, जणू उद्या सकाळी जपानहून फोन येणार आहे.

मी बारा-तेरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. ऑर्केस्ट्रा, लग्नं, भजनं, मधूनच एखादा नाट्यसंगीताचा कार्यक्रम. या काळात माझे तीन कीबोर्ड झाले. मोबाइलमधली माझी यादी मात्र एकच आहे आणि ती वाढतच गेली. मध्यंतरी ती सलग वाचली तेव्हा लक्षात आलं की तिच्यातल्या मागण्यांचे सरळ दोन ढीग पडतात. पहिला ढीग 'माझ्यासाठी कर' असं म्हणणारा. एक बोट ठेवलं की अख्खा बँड वाजू दे, शेवट आपोआप होऊ दे, चुकीचा सूर लागला तर तूच सांभाळून घे. दुसरा ढीग 'मला करू दे' असं म्हणणारा. मला हा सूर थोडा खाली ओढू दे, ही लय हळूहळू चढवू दे, हा गंधार गाणाऱ्याच्या गंधाराला लावू दे.

पहिल्या ढिगातलं बरंच मला मिळालं. दुसऱ्या ढिगातलं फार थोडं.

हे असं आधीपासून नव्हतं. सिंथेसायझर हे वाद्यच मुळात 'मला करू दे' म्हणणाऱ्या लोकांमुळे घडलं. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाचा इंजिनिअर आणि हर्बर्ट डॉइच नावाचा संगीतकार एकत्र बसून प्रयोग करत होते. यंत्रातून आवाज निघत होता, पण तो नुसताच चालू किंवा बंद. डॉइचला सूर सुरू कसा होतो आणि विरतो कसा, यावर ताबा हवा होता. मूगने त्याला दुकानातून दाराच्या घंटीचं बटण आणायला लावलं आणि त्या बटणावर प्रयोग सुरू झाले. पुढे व्लादिमीर उसाचेव्स्की या संगीतकाराने मागणी आणखी नेमकी केली: सूर उसळणं, किंचित बसणं, टिकणं आणि विरणं, हे चारही टप्पे वेगवेगळे हातात हवेत. आज तुमच्या मोबाइलवरच्या फुकटच्या सिंथ अॅपमध्येही अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज अशी चार बटणं दिसतात, ती या मागणीची वंशज. वेंडी कार्लोस यांनी मूगकडे बोटाचा दाब ओळखणारा कीबोर्ड मागितला, तो त्यांना बनवून मिळाला.

मग मागण्यांची रांगच लागली. १९७० चा मिनीमूग एका वेळी एकच सूर काढायचा आणि त्याला स्मरणशक्ती नव्हती. एखादा छान आवाज सापडला की वादक कागदावर यंत्राचं चित्र काढून कुठलं बटण कुठे फिरवलं आहे ते लिहून ठेवायचे. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-५ आला. एका वेळी पाच सूर, आणि चाळीस आवाज लक्षात ठेवण्याची सोय. कागद गेले. तरी एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी नीट बोलेना. स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांसाठी एक भाषा ठरवली, ती मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरने जोडली गेली. एकाची पट्टी दाबली, दुसरंही वाजलं. आजही स्टेजवर माझा कीबोर्ड लॅपटॉपला जोडताना हीच भाषा चालते.

सगळ्यात गोड गोष्ट मात्र स्टीव्ही वंडर यांची. ते अंध. रे कर्झवाइल यांनी अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र बनवलं होतं, त्याचे ते सुरुवातीचे ग्राहक. त्यातून ओळख झाली. १९८२ मध्ये वंडर त्यांना म्हणाले, की पियानोसारख्या खऱ्या वाद्यांचा आवाज भरीव असतो पण त्याला हवं तसं वळवता येत नाही, इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं वळवता येतं पण आवाज पातळ असतो, तर दोन्ही एकत्र का येऊ नये? दोन वर्षांत कर्झवाइलचा के२५० बाजारात आला. एका माणसाने एका माणसाला नेमकं काय अडतं ते सांगितलं, एवढंच घडलं होतं.

हे वाचलं की मला मिरज आठवते. तिथे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात तर यादी लिहावी लागत नाही. तुम्ही बसता, तारा छेडता, म्हणता, जवारी जरा बंद वाटतेय, थोडी खुली हवी. कारागीर घोडी घासतो, तारेखालचा दोरा सरकवतो, पुन्हा छेडतो. झालं? नाही, अजून थोडं. मागणी आणि पूर्तता यांच्यात हातभर अंतर. माझं वाद्य जिथे ठरतं ते गाव जपानमधलं हामामात्सु. यामाहा, कावाई आणि रोलँड या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं त्या एका शहरात आहेत. तिथल्या माणसाला मी काय सांगणार, की साहेब, मला काळी चार दाखवा?

काळी चार म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या यादीत ही मागणी सगळ्यात वर आहे. आपल्याकडे गायक आपली पट्टी पेटीच्या भाषेत सांगतो. पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ताई काळी चारमध्ये गातात. मध्यंतराच्या आधी कानाशी येऊन म्हणतात, "दादा, घसा बसलाय, पुढचं काळी तीनमध्ये घ्या." दोघींच्या मध्ये पांढरी पाच आहे, म्हणजे दोन पट्ट्या खाली. पण माझी बोटं पांढरी एकला सा धरून वाजवतात, ट्रान्सपोजला आधीच काहीतरी आकडा टाकलेला असतो, त्यातून दोन वजा करायचे, आणि निवेदकाचा विनोद संपत आलेला असतो. स्क्रीन मला उणे चार दाखवते. तिने 'काळी चार' दाखवावं, एवढंच माझं म्हणणं. यात कुठलं संशोधन नाही, नवी चिप नाही. फक्त आम्ही एकमेकांशी कसं बोलतो हे कुणीतरी ऐकायला हवं.

पेटीच्या बाबतीत ते ऐकलं गेलं होतं. युरोपातून आलेली पायपेटी खुर्चीवर बसून, पाय मारत वाजवायची. आपल्याकडे बैठक जमिनीवर. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली, असं श्रेय त्यांना दिलं जातं. एका हाताने भाता, एका हाताने स्वर, कारण आपल्या संगीताला दुसऱ्या हाताच्या कॉर्डची गरज नव्हती. पुढे स्केल चेंजर पेटी आली, तिच्यात पट्ट्यांची अख्खी रांग सरकवता येते. बोटं तीच, सा वेगळा. म्हणजे ट्रान्सपोजचं बटण आपल्याकडे लाकडात आधीच होतं.

पेटीची एक मागणी मात्र राहून गेली, आणि ती आमच्याकडे वारशाने आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप दोन होते: हिच्यावर मींड निघत नाही, आणि हिचे बारा स्वर ठोकून बसवलेले आहेत, ते आपल्या स्वरांशी जुळत नाहीत. बंदी मला आवडत नाही, पण आक्षेप कानाला खरा वाटतो. तंबोरा नीट लागला की तारेतून आपसूक एक गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर कीबोर्डचा गंधार या गंधारापेक्षा साधारण चौदा भाग चढा असतो. धावत्या गाण्यात चौदा भाग कुणाला कळत नाहीत. पण अभंगाच्या सुरुवातीला बुवा गंधारावर थांबले आणि मीही तोच स्वर धरला, की हवेत बारीकशी थरथर सुरू होते. ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण तो अस्वस्थ होतो. अशा वेळी मी हात उचलतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी याच दुखण्यावर बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली, तिच्यात रागाप्रमाणे हवी ती श्रुती निवडता येते.

कीबोर्डमध्ये तर हे करायला लाकूड कापावं लागत नाही. स्वर म्हणजे आतला एक आकडा. अनेक कीबोर्डमध्ये प्रत्येक स्वर वेगळा चढवण्या-उतरवण्याची सोय असतेही. फक्त ती मेनूच्या आत, त्याच्या आत, तिसऱ्या पानावर असते. घरी बसून सापडते. स्टेजवर नाही.

अरबी संगीताच्या वादकांनी हे भांडण जिंकलेलं दिसतं. त्यांच्या रास्त मकामात तिसरा स्वर आपल्या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या जवळपास मधोमध येतो. तो नसेल तर गाणं होतच नाही. म्हणून यामाहाची पीएसआर-ए मालिका किंवा कॉर्गचे 'ओरिएंटल' कीबोर्ड पाहिले तर त्यांत स्वर अर्ध्या पट्टीने उतरवण्याची सोय हाताशी दिलेली असते. चालू गाण्यात बोट टाकलं, स्वर उतरला. भारतासाठी कंपन्यांनी काही केलं नाही असं नाही. यामाहाची पीएसआर-आय मालिका खास आपल्या बाजारासाठी आहे, तिच्यात सतार, तबला, हार्मोनियम, आपले ठेके सगळं आहे. माझा तर्क असा, की आपण दुकानात जाऊन 'इंडियन टोन किती आहेत?' असं विचारलं, आणि त्याचं उत्तर आपल्याला मिळालं. त्यांनी बहुधा वेगळा प्रश्न विचारला. सतारीचा आवाज मिळणं आणि सतारीसारखं वाजवता येणं, यातला फरक आपण काउंटरवर कधी सांगितलाच नाही.

जे कंपनी देत नाही ते आपली मुलं करून घेतात, हेही खरं. संबळ, हलगी, तुतारी, सनई असे टोन कुणीतरी घरी रेकॉर्ड करतं, कापतं, पेन ड्राइव्हवर भरून विकतं. ऑक्टोपॅडवर आज जी हलगी कडाडते ती बहुतेकदा अशीच कुणाच्या तरी गच्चीवर रेकॉर्ड झालेली असते. पण टोन भरता येतो, वाद्याचं वागणं भरता येत नाही.

वागणं म्हणजे काय, ते भजनात कळतं. मागे एका गावात भजनाला पखवाजवाले आले नव्हते. मी कीबोर्डवर भजनी ठेका लावला. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात बुवा रंगले. शेवटाकडे लय चढू लागली, आणि भजनात ती पायरीने चढत नाही, उतारावरून गाडी सुटावी तशी चढते. टाळकरी बुवांबरोबर निघाले. मशीन जागेवर. मी एका हाताने टेम्पोचं बटण दाबत होतो. प्रत्येक दाबाला एक आकडा, एक बारीक धक्का. बुवांनी गाणं न थांबवता माझ्याकडे पाहून हाताने खूण केली: ते बंद कर. मी बंद केलं. नुसत्या टाळांवर अभंग असा उभा राहिला की मागची बायकामंडळी पुढे सरकून बसली. त्या रात्री यादीत भर पडली: पायाखाली एक पेडल द्या, दाबत गेलं की लय चढत जाईल, सोडलं की उतरेल. आवाज कमी-जास्त करायला जसं पेडल असतं तसंच. ठेका मशीनचा चालेल, पण लय माझ्या पायात हवी.

मींडीचं दुखणं याहून जुनं. कीबोर्डच्या डाव्या अंगाला सूर वाकवायचं चाक असतं. ते फिरवलं की त्या आवाजातले सगळे सूर एकदम वाकतात. म्हणजे खाली सा-प धरून वर मींड घ्यायला गेलो तर सा-पही घसरतात. याचं कारण मिडीतच आहे: सूर वाकवण्याचा आदेश एकेका सुराला न जाता पूर्ण चॅनलला जातो, आणि असे चॅनल सोळा. मग एक युक्ती निघाली. प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल द्यायचा, म्हणजे प्रत्येक बोट आपापला सूर वेगळा वाकवू शकेल. हिचं नाव एमपीई, आणि तिला अधिकृत मान्यता मिळाली २०१८ च्या आसपास. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात बोटाच्या जोराच्या पायऱ्या १२८ वरून ६५,५३६ झाल्या. ऑस्मोस नावाचा एक फ्रेंच कीबोर्ड आहे, त्याची पट्टी आडवी हलवली की फक्त तो सूर हलतो. त्याची किंमत लाखाच्या पुढे. तो मी व्हिडिओतच पाहतो.

पण मिळालेल्या यंत्राला वाकवणारे लोक आपल्याकडेही झाले. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. हे ३०३ खरं तर एकट्याने सराव करणाऱ्यांना बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलेलं, म्हणजे पक्क्या 'माझ्यासाठी कर' जातीचं. बास म्हणून ते कुणाला फारसं पटलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. सिंग यांनी ती घसरण रागांसाठी वापरली. डिस्कोच्या ठेक्यावरच्या दहा रागांचा तो अल्बम १९८३ मध्ये आला आणि फारसा कुणी ऐकला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोतलं अॅसिड हाऊस संगीत ज्या ३०३ वर उभं राहिलं, त्याच यंत्रावर मुंबईत त्याच्या काही वर्षं आधी भैरव वाजून गेला होता. मला यात कोण पहिलं ही चर्चा महत्त्वाची वाटत नाही. त्या माणसाने यंत्रात आपल्या हाताला जागा कुठे आहे ते शोधलं, हे महत्त्वाचं वाटतं.

कारण आमच्या पोटाचा प्रश्न त्या जागेचाच आहे. गेल्या वर्षी एका आयोजकाने फोनवर सरळ विचारलं, "ट्रॅक आहेत ना सगळे? मग कीबोर्डवाला कशाला?" त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. कीबोर्ड जर एका बोटावर बँड वाजवणार, शेवट आपोआप घेणार, तर ते बोट कुणाचंही चालेल. साउंडवाल्याच्या पोराचंही. पहिल्या ढिगातली प्रत्येक मागणी पूर्ण झाली की माझं काम थोडं सोपं होतं आणि मी थोडा कमी लागतो. ताईंचा घसा बसला तर ट्रॅक दोन पट्ट्या खाली येईलही, कुणीतरी आधी करून ठेवला असेल तर. पण त्या दुसऱ्या कडव्याआधी दम घ्यायला थांबल्या, तर ट्रॅक थांबत नाही. मी थांबतो. तेवढ्यासाठी मला बोलावतात, आणि नेमकं तेवढंच करायला माझं वाद्य मला कमी मदत करतं.

हल्ली माझ्याकडे एक मुलगा शिकायला येतो, अकरावीतला. त्याच्याकडे कीबोर्ड नाही, जुना आयपॅड आहे. त्यावर जिओश्रेड नावाचं अॅप. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाहीत, नुसती काच. बोट सरकवलं की सूर सरकतो, प्रत्येक बोटाचा वेगळा. महेश राघवन यांचे यावर कर्नाटक संगीत वाजवणारे व्हिडिओ पाहून तो याकडे वळला. परवा त्याने मला सनईची एक ओळ वाजवून दाखवली. रे वरून ग वर तो असा गेला, की मी बारा वर्षं चाकाशी झगडून जे करत होतो ते त्याच्या करंगळीने जाता जाता केलं. थोडा हेवा वाटला. मग त्याला माझी पूर्ण यादी दाखवली.

त्याने ती खालपर्यंत वाचली. अडॅप्टरच्या पिनेवर हसला. काळी चार म्हणजे काय ते विचारून घेतलं. लयीच्या पेडलपाशी थांबला आणि म्हणाला, "हे तर आपण बनवू शकतो ना सर? पेडल आहे, मिडी आहे. मधे एक छोटा बोर्ड लागेल."

पुढच्या रविवारी तो सोल्डरिंग गन घेऊन येणार आहे. जुनं पेडल मी माळ्यावरून काढून ठेवलंय.